बोअरचं पाणी आणि मलावीचे मासे

मे महिना सरता सरता तळेगावातल्या कुठल्याही घरचा कुलर उघडून बघावा. होळीनंतर नव्या घातलेल्या ताट्या तोवर कडक झालेल्या असतात. बोटाने खरवडलं की पांढरा भुगा पडतो. खालच्या टाकीत पाण्याच्या रेषेवर तोच थर, पंपाच्या नळीच्या तोंडाशीही तोच. हा बोअरच्या पाण्यातला क्षार. वर्धा जिल्ह्याच्या या पट्ट्यात जमिनीखाली काळा बेसाल्ट आहे. पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून झिरपतं, वाटेत खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं आणि बोअरमधून वर येतं तेव्हा चांगलंच जड झालेलं असतं. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल पांढरी पडते. घरोघरी या पाण्याच्या नावाने बोटं मोडली जातात.

शोभेचे मासे पाळणाराही त्यात आलाच. तळेगाव (श्यामजी पंत) हे आष्टी तालुक्यातलं, नागपूर-अमरावती महामार्गावरचं गाव. माशांचं मोठं दुकान बघायचं तर नागपूर नाही तर अमरावती गाठायची. तिथे काचेमागे नियॉन टेट्रांचा थवा फिरत असतो, बाजूच्या टाकीत ताटलीएवढा डिस्कस डुलत असतो. माणूस मोहात पडून घेऊन येतो, बोअरच्या पाण्यात सोडतो आणि थोड्या दिवसांत एकेक मासा तरंगायला लागतो. मग औषधं सुरू होतात, निळं झालं की पिवळं. मासा मुळात आजारी नसतोच. नियॉन काय, डिस्कस काय, दोघेही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. पालापाचोळा कुजून तांबूस झालेल्या, मऊ आणि आम्लधर्मी पाण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या. त्यांच्यासाठी आरओचं पाणी आणा, पीएच उतरवायची पावडर टाका, दर आठवड्याला हेच करत बसा, असा उद्योग काही जण हौसेने करतात. माझं मत सरळ आहे. पाण्याशी भांडू नये, त्या पाण्यात सुखाने राहील असाच मासा आणावा. तसा मासा आहे, त्याच दुकानात आहे, आणि रंगाने नियॉनच्या वरताण आहे. तो म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या मोठ्या सरोवरांमधला सिक्लिड.

सिक्लिड हे माशांचं फार मोठं कुळ. आपल्या कोकण-गोव्याच्या खाड्यांमध्ये मिळणारा काळुंदर याच कुळातला. पण या कुळाने खरी कमाल केली ती आफ्रिकेत. मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या तीन सरोवरांत मिळून सिक्लिडच्या हजाराहून अधिक जाती आहेत, आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. दुकानात ‘आफ्रिकन’ म्हणून जे विकलं जातं ते मुख्यतः मलावीचं असतं. हे सरोवर सुमारे ५७० किलोमीटर लांब आणि सातशे मीटर खोल आहे. प्रवासी संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८५९ मध्ये तिथे पोहोचला. त्याच्या नावाचा एक मासा पुढे येणार आहे. सरोवराचा दक्षिणेकडचा एक भाग राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९८४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेही प्रामुख्याने या माशांसाठी.

मलावीच्या पाण्याचा पीएच साधारण ७.७ ते ८.६, म्हणजे अल्कधर्मी. तापमान २४ ते २९ अंश. टांगानिकाचा पीएच त्याहून वर, नऊच्या आसपास. आता एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. आफ्रिकन सिक्लिडला भयंकर जड पाणी लागतं, असं सर्रास सांगतात आणि त्यासाठी मिठाच्या पुड्या विकतात. प्रत्यक्षात मलावीचं पाणी फारसं जड नाही. त्याची एकूण कठीणता जर्मन मापात चार ते सहा अंश इतकीच भरते. आपलं बोअरचं पाणी बहुधा त्याच्या कितीतरी पुढे असतं. मासे ते सहज सोसतात, कारण त्यांना हवा असतो तो न ढळणारा पीएच, आणि तो सांभाळण्याचं काम पाण्यातले बायकार्बोनेट करतात. ते आपल्याकडे फुकट मिळतात. तेव्हा तळेगावच्या टाकीत मीठ, चुना, ‘आफ्रिकन सॉल्ट’ असलं काहीही घालायची गरज नाही.

पाणी तपासून मात्र घ्यावं. आरओ बसवायला येणारा माणूस टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो आणि आपल्याला घाबरवतो. तो आकडा पाण्यात एकूण किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते सांगत नाही. आपल्याला दुसरंच काही कळायला हवं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात भूजलात नायट्रेट जास्त असलेले जे जिल्हे दाखवले आहेत, त्यांत वर्ध्याचं नाव आहे, शेजारच्या अमरावती-यवतमाळचंही आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. शेतात टाकलेला युरिया, गोठे, शौचखड्डे यांतून ते खाली उतरतं. माशांच्या टाकीतही विष्ठेचं शेवटी नायट्रेटच होतं, आणि ते कमी करायला आपण आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलतो. पण बोअरच्या पाण्यातच साठ-सत्तर असेल तर बदलून फायदा काय? म्हणून थेंबांचा नायट्रेट किट आणून बोअरचं पाणी एकदा तरी तपासावं. आकडा जास्त निघाला तर अर्धं पाणी आरओचं किंवा छपरावरून धरलेलं पावसाचं मिसळावं, आणि वरच्या फिल्टरच्या ट्रेमध्ये मनी प्लांटच्या दोन-तीन फांद्या मुळं बुडतील अशा लावाव्यात. मनी प्लांट नायट्रेट आवडीने खातो. टाकीत थेट लावला तर हे मासे मुळं कुरतडून टाकतात, म्हणून ट्रेमध्येच. आरओतून वाया जाणारं पाणी ‘जड आहे, आफ्रिकनला चालेल’ म्हणून टाकीत घालणारे असतात. त्या पाण्यात बोअरमधलंच नायट्रेट आणखी घट्ट झालेलं असतं. ते अंगण धुवायला बरं.

ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी वापरत असाल तर त्यात टाकलेली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, विसरू नका. क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारतं. नळाचं पाणी उघड्या ड्रममध्ये एक-दोन दिवस हवा सोडून ठेवावं, किंवा दुकानात ‘अँटिक्लोर’ म्हणून मिळणारे थेंब घालावेत.

आता दुकानात जाऊ. तिथे एका टाकीवर ‘मिक्स आफ्रिकन’ अशी चिठ्ठी असते. आत बोटाच्या दोन पेरांएवढी पिल्लं, निळी, पिवळी, केशरी, पट्ट्यांची, सगळी एकत्र. दहा पीस घ्या, भाव कमी करतो, असं दुकानदार म्हणतो. इथे पाकीट खिशातच राहू द्यावं. त्या टाकीत शेवाळ खाणारे, किडे खाणारे आणि दुसरे मासे खाणारे असे तिन्ही प्रकार एकत्र असतात, आणि बऱ्याच पिल्लांचे आईबाप वेगवेगळ्या जातींचे असतात. सहा महिन्यांनी त्यातला एक वीतभर होतो आणि बाकीच्यांना कोपऱ्यात कोंडून ठेवतो.

मलावीचे मासे ढोबळमानाने तीन गटांत बसतात. पहिला म्हणजे खडकांत राहणारे म्बुना. हे लहान, दहा-बारा सेंटिमीटरचे, चपळ, भांडखोर आणि नर-मादी दोन्ही रंगीत. दुसरे पिकॉक. वाळू आणि खडक मिळतात तिथे राहणारे, नर निळे-लाल-पिवळे, माद्या मात्र करड्या. तिसरे ‘हॅप’ नावाने ओळखले जाणारे मोठे, मोकळ्या पाण्यात पोहणारे, बहुतेक शिकारी. व्हिनस, इलेक्ट्रिक ब्लू, डोक्यावर फुगीर उंचवटा असलेला ब्लू डॉल्फिन हे या गटातले. तीन गटांचा स्वभाव वेगळा आणि पोटही वेगळं. एका टाकीसाठी एकच गट निवडावा, हा नियम मी तरी मोडणार नाही.

पहिल्यांदा करणाऱ्याने म्बुनाच घ्यावेत आणि तेही निवडून. यलो लॅब सर्वांत शांत. दुकानात तो इतका दिसतो की सरोवरही त्याने पिवळं झालं असेल असं वाटावं. प्रत्यक्षात हा पिवळा रंग सरोवराच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या थोड्या भागातच सापडतो आणि जगभरच्या टाक्यांमधले पिवळे मासे तिथल्या मूठभर माशांचे वंशज आहेत. त्याच्या जोडीला जांभळट अंगाचा, पिवळ्या शेपटीचा असेई, आणि गंजासारख्या तपकिरी-जांभळ्या रंगाचा रस्टी. चार फुटी टाकीत या तिघांचे प्रत्येकी पाच-सहा पीस, असा माझा हिशेब. रंग तीन, एकमेकांसारखा कुणी दिसत नाही, त्यामुळे भांडणं कमी आणि संकरही कमी. म्बुना आपल्यासारखा दिसणाऱ्यालाच आधी प्रतिस्पर्धी समजतो, म्हणून दोन पिवळ्या जाती एका टाकीत नकोत. दर नरामागे तीन तरी माद्या असाव्यात, आणि मासे अगदी विरळही नसावेत. दोन-चारच मासे असले की दादा एकालाच धरून मारतो, पंधरा-सोळा असले की त्याचा राग वाटला जातो.

ऑराटस टाळा. पिल्लू असताना सोनेरी अंगावर काळे पट्टे, दुकानातला सर्वांत देखणा. नर मोठा झाला की काळपट होतो आणि टाकीतल्या सगळ्यांचा छळ मांडतो. असाच सावधपणा एवढ्याशा वयात भडक रंगलेल्या पिकॉकबाबत हवा. पिकॉकच्या नराला रंग यायला वेळ लागतो. पाच सेंटिमीटरचा अख्खा घोळका झळाळत असेल तर त्यांना संप्रेरकं घातलेलं खाद्य दिलेलं असण्याची शक्यता असते. घरी आल्यावर तो रंग उतरतो आणि अर्धे ‘नर’ माद्या निघतात.

टाकी लहानच ठेवायची असेल, दोन फुटांची, तर मलावी सोडून टांगानिकाचे शंखवासी बघावेत. ‘मल्टी’ म्हणतात तो मासा जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा. मोकळ्या शंखात राहतो, शंखातच अंडी घालतो, आणि आपल्या शंखाभोवतीची वाळू तोंडाने उचलून हवी तशी रचत बसतो. माझ्या मते सगळ्या सिक्लिडमध्ये बघायला सर्वांत मजेदार हाच आहे, मात्र नागपूरच्या दुकानातही तो आधी सांगून मागवावा लागतो. क्रिबेन्सिस आफ्रिकन असला तरी पश्चिम आफ्रिकेच्या मऊ पाण्यातला आहे, त्याची आणि या मंडळींची गल्लत नको.

मासे आणताना एक बारकावा. पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच उतरतो, आणि त्यामुळे विष्ठेतला अमोनिया निरुपद्रवी रूपात दबून राहतो. एसटीने दोन तासांचा प्रवास करून आलेली पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवावी. उघडल्यावर दोन-तीनदा टाकीचं पाणी घालून लगेच जाळीने मासे टाकीत घ्यावेत आणि पिशवीतलं पाणी बाहेर ओतावं. तासभर थेंब थेंब पाणी घालत बसणं इथे उलटं पडतं.

अमोनियाची गोष्ट आली तर ती पूर्ण करू. सातच्या पीएचला एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी असतो. साडेआठ पीएचच्या पाण्यात, २५ अंशांना, तो पंधरा टक्क्यांवर जातो. म्हणजे जड, अल्कधर्मी पाणी माशांना मानवतं, पण घाण माफ करत नाही. नवी टाकी भरून दुसऱ्या दिवशी मासे सोडणारा माणूस याच ठिकाणी फसतो. फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाकडून त्याच्या चालू फिल्टरमधला स्पंजचा तुकडा आणला तर वेळ बराच वाचतो.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच घ्यावी. काठोकाठ भरली तर तीत सुमारे २५५ लिटर पाणी मावतं. काच आणि दगड धरून वजन तीनशे किलोच्या वर जातं, तेव्हा टीव्हीच्या टेबलाचा विचार सोडून द्या. आत दगड आपलेच, नाल्यातले काळे. आधी तळाच्या काचेवर थर्माकोल, त्यावर दगड, मग वाळू. उलट केलं तर मासे दगडाखालची वाळू उपसतात आणि ढिगारा काचेवर कोसळतो. दगडांमध्ये भरपूर कपारी राहाव्यात, मार खाणाऱ्याला पळायला जागा हवी.

आणि हे दगड घासून चकाचक करू नका. मलावीच्या किनाऱ्याच्या खडकांवर शेवाळाचा दाट थर असतो. त्या थरात सूक्ष्म जीव, किड्यांच्या अळ्या, बारीक कवचधारी प्राणी अडकलेले असतात. म्बुना दिवसभर हा थर खरवडत राहतात. शेवाळात पोषण कमी, म्हणून सतत खायचं, आणि ते पचवायला आतडं शरीराच्या कितीतरी पट लांब. यातली एक गंमत सांगतो. सिक्लिडला घशात जबड्याचा दुसरा जोड असतो. चावणं-दळणं तिथे होतं, त्यामुळे पुढचा जबडा मोकळा राहतो आणि प्रत्येक जातीत तो वेगळ्या कामासाठी घडत गेला. कुणाचे दात किसणीचे, कुणाचे चिमट्याचे. टांगानिकात तर दुसऱ्या माशांचे खवले उपटून खाणारी जात आहे. तिच्यात काहींचं तोंड डावीकडे वळलेलं, काहींचं उजवीकडे, आणि प्रत्येक मासा ठरावीक कुशीवरच हल्ला करतो. जपानी संशोधक मिचिओ होरी यांनी १९९३ मध्ये दाखवलं की डावखुरे वाढले की शिकार होणारे मासे त्या बाजूने सावध होतात, मग उजवे वाढतात, असं ते पारडं खालीवर होत राहतं.

लांब आतड्याच्या या माशाला आपण काय घालतो? आपल्याकडे माशांना खाऊ घालणं हे पुण्य. तळ्यावर, नदीच्या घाटावर कणकेच्या गोळ्या टाकणारे हात घरच्या टाकीपुढेही थांबत नाहीत. आजी पोळीचा तुकडा टाकते, मुलं मुरमुरे टाकतात, आणि दुकानदाराने दिलेला वाळवलेल्या ट्युबिफेक्सचा ठोकळा काचेला चिकटवला जातो. मासे तुटून पडतात. म्बुना कधीच ‘पोट भरलं’ म्हणत नाही, कारण त्याच्या सरोवरात पोट भरण्याची वेळ सहसा येतच नाही. पिठाचा चिकट गोळा आणि चरबीचं, प्राणिज खाद्य त्या लांब आतड्यात रेंगाळतं. त्यातून जे होतं त्याला पाळणारे ‘मलावी ब्लोट’ म्हणतात. मासा खाद्य तोंडात घेऊन थुंकतो, मग खाणं सोडतो, विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबते, कोपऱ्यात जाऊन भराभर श्वास घेतो, पोट फुगतं. पोट फुगल्यावर सहसा वाचत नाही. आतड्यातले परजीवी, ताण, खराब पाणी अशी आणखीही कारणं त्यात असतात, पण चुकीचं खाणं दार उघडून देतं. मासा थुंकायला लागला त्याच दिवशी खाणं बंद करावं, पाणी बदलावं आणि जाणकाराला विचारून मेट्रोनिडॅझोलचा उपचार सुरू करावा. चिकनची कलेजी, मटणाचा खिमा यांना या टाकीत जागा नाही. सस्तन प्राण्यांची आणि कोंबडीची चरबी माशाला नीट पचत नाही, शिकारी हॅपलासुद्धा.

म्बुनाला स्पिरुलिना असलेलं बारीक दाण्याचं खाद्य रोजचं. डब्यावरचं नाव वाचून भुलू नये, घटकांच्या यादीत स्पिरुलिना वरच्या तीन-चारांत आहे का ते पाहावं. गव्हाचं पीठ पहिलं असेल तर डबा परत ठेवावा. स्पिरुलिना म्हणजे वाळवलेला सूक्ष्म हिरवा-निळा जीव, वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, आणि रंग खुलवणारी द्रव्यंही त्यात असतात. यलो लॅब तेवढा थोडा वेगळा. तो सरोवरात कपारींतले बारीक किडे वेचतो, त्याला आठवड्यातून एकदा झिंगा चालतो.

घरीही खाद्य करता येतं. पालकाची मूठभर पानं उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढायची, सोललेले मटार तसेच मऊ करायचे. बाजारातले सुके झिंगे घ्यायचे ते थोडेच, आणि त्यातलं मीठ निघेपर्यंत तीन-चार पाण्यांत भिजवून. हे सगळं एक चमचा स्पिरुलिना पावडर घालून मिक्सरवर बारीक वाटायचं. थोडं थंड झालेलं जिलेटिनचं घट्ट पाणी त्यात मिसळून ताटलीत पातळ थापायचं, थिजलं की नखाएवढे तुकडे करून फ्रीझरमध्ये. एका वेळी एक-दोन तुकडे. तेल, हळद, मीठ काही नाही. काकडीची चकती दगडाखाली दाबून ठेवली तर दुपारपर्यंत फक्त साल उरतं. साल लगेच काढून टाकावं.

सर्वांत स्वस्त खाद्य मात्र वर गच्चीवर तयार होतं. एका बादलीत टाकीतून काढलेलं पाणी घ्यायचं, त्यात चार-पाच काळे दगड टाकायचे आणि बादली उन्हात ठेवायची. विदर्भात उन्हाची काय कमी! आठ-दहा दिवसांत दगडांवर हिरवी लव चढते. तो दगड टाकीत ठेवायचा आणि आतला चाटूनपुसून साफ झालेला दगड बादलीत. सगळा थवा दगडाला तिरपा लागून खरवडताना दिसतो, अगदी सरोवरात करतो तसा. त्या दिवशी डबा उघडला नाही तरी चालतं.

किती द्यायचं, याला माझं माप घड्याळाचं आहे. अर्ध्या मिनिटात संपेल एवढं, दिवसातून दोनदा किंवा तीनदा, आणि आठवड्यात एक दिवस उपास. तळाशी दाणा पडलेला दिसला तर पुढच्या वेळी निम्मं. घरात खाद्य घालणारा माणूस एकच असावा, नाहीतर सकाळी प्रत्येक जण उदार होतो. पिकॉकची गोष्ट निराळी. त्यांच्या डोक्यावर संवेदनशील छिद्रं असतात. वाळूवर स्थिर राहून ते आतल्या किड्याची हालचाल टिपतात आणि एकदम तोंड खुपसतात. त्यांना झिंग्याचा अंश असलेलं, तळाशी बसणारं खाद्य द्यावं, दिवसातून दोनदा. मोठ्या हॅपला मोठा दाणा, दिवसातून एकदा पुरे. लिव्हिंग्स्टनच्या नावाचा मासा याच गटातला. तो तळाशी आडवा पडून मेल्याचं सोंग करतो आणि कुतूहलाने जवळ आलेल्या लहान माशाला गिळतो. टाकीत तो पडलेला दिसला म्हणून जाळी घेऊन धावू नका.

खाद्याचा डबा लहान घ्यावा. उघडल्यावर हवेने आणि उष्णतेने त्यातली जीवनसत्त्वं जातात, तेलं खवट होतात. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात टाकीच्या झाकणावर ठेवलेल्या डब्याचं काय होत असेल ते सांगायला नको. महिन्याभराचं काढून बाकी हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवावं.

उन्हाळ्यात खाणंही कमी करायचं असतं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांवर सव्वासातच. त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते आणि खाल्लेलं पचवायला आणखी ऑक्सिजन लागतो. एप्रिल-मेमध्ये खाद्य पहाटे आणि रात्री द्यावं, दुपारी नाही. टाकी कुलरच्या खोलीत ठेवावी, झाकण काढून वर जाळी आणि बाजूला छोटा पंखा लावावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. मात्र उडून जातं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतो, कुलरच्या ताट्यांत राहतो तसाच. आटलेल्या पाण्याची भर बोअरच्या पाण्याने घालत गेलं तर दोन महिन्यांत टाकी खारट होते. भर आरओच्या पाण्याने घालावी, आणि आठवड्याची बदली मात्र नेहमीच्या पाण्याने करावी. वीज गेली की खाद्य बंद आणि बॅटरीवरचा एअर पंप सुरू. लग्नाला चार-पाच दिवस गावाला गेलात तर शेजाऱ्याच्या हाती डबा देऊ नये. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो, शेजाऱ्याच्या मायेपुढे राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा-बारावर येतो, तेव्हा हीटर २५ अंशांवर लावून ठेवावा.

सगळं जमलं की एखाद्या सकाळी एक मादी खाद्याकडे फिरकत नाही. तिचा गळा फुगलेला असतो, तोंड हळूहळू चघळल्यासारखं हलत असतं. ब्लोट समजून घाबरू नका. पोट फुगलेलं नाही, गळा फुगलाय. मलावीचे हे मासे अंडी तोंडात उबवतात. मादी अंडी घालून लगेच उचलते, नराच्या खालच्या परावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात, ती ते टिपायला जाते आणि त्याच वेळी तिच्या तोंडातल्या अंड्यांचं फलन होतं. या ठिपक्यांचं हे स्पष्टीकरण संशोधक वोल्फगांग विकलर यांनी १९६२ मध्ये मांडलं. पुढचे सुमारे तीन आठवडे ती जवळपास उपाशी असते, म्हणून त्याआधी ती धष्टपुष्ट असणं महत्त्वाचं. पिल्लं सोडल्यावर तिला चार-पाच दिवस वेगळ्या छोट्या टाकीत थोडं थोडं खाऊ घालून मगच परत सोडावं. पिल्लांना तेच स्पिरुलिनाचं खाद्य, चिमटीत चुरून, दिवसातून चार-पाच वेळा.

वर्षभरात पिल्लं इतकी होतात की कुणाला द्यायची हा प्रश्न पडतो, आणि कुणीतरी म्हणतं, धरणात सोडून द्या, पुण्य लागेल. अप्पर वर्धा इथून लांब नाही. पण आफ्रिकेतला एक सिक्लिड आपण आधीच आणून बसलो आहोत. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आला, स्वस्त प्रथिनं मिळावीत म्हणून. तोही तोंडातच पिल्लं वाढवणारा, म्हणून त्याची बरीच पिल्लं वाचतात. आज उजनीच्या जलाशयात तिलापियाचं राज्य आहे. भिगवणच्या बाजारात त्याला चिलापी म्हणतात आणि देशी मासे घटल्याची तक्रार मच्छीमारच करतात. खुद्द सिक्लिडवरही हीच वेळ आली. व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाइल पर्च सोडला आणि पुढच्या काही दशकांत तिथल्या सिक्लिडच्या सुमारे दोनशे जाती दिसेनाशा झाल्या. तेव्हा जास्तीची पिल्लं दुकानदाराला द्या, बदल्यात खाद्य घ्या. तोही नको म्हणाला तर नर आणि माद्या वेगळ्या टाक्यांत ठेवा, किंवा मादीच्या तोंडातून बाहेर आलेली पिल्लं मोठ्या टाकीतच राहू द्या. त्यांतली एक-दोनच कपारीत लपून वाढतील, बाकीच्यांचा बंदोबस्त घरचेच मोठे मासे करतील.